बसलेल्यांची जागा

शरणम्मा वहिनींच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं ते कडक उन्हाळ्यात. पोळा झाला, गौरी-गणपती होऊन गेले, तरी ते माझ्या टेबलावर शब्दकोशाखालीच होतं. सकाळी शब्दकोश उचलायचा, पत्र वाचायचं आणि पुन्हा शब्दकोश त्याच्यावर ठेवायचा, असं चाललं होतं.

शाळेच्या वहीचं पान होतं. वहिनींनी रेघ न सोडता लिहिलं होतं: "भावजींना शरणम्माचा नमस्कार. फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं म्हणता म्हणून लिहिते. सुदर्शनने कागद पाठवले आहेत. त्यात तिथं कोणी नाही असं लिहिलं आहे. त्यावर सही करायची का नाही ते सांगा. तुम्ही वाचलेले आहात. मी अजून केली नाही. उत्तर लिहा."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सिद्धलिंगअण्णाची बायको. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेला. सुदर्शन त्यांचा मुलगा. त्याचं तालुक्याच्या गावी बी-बियाणांचं दुकान आहे. आमचं गाव अहमदपूरच्या पुढे, लातूर जिल्ह्यात. गावाचं आणि तालुक्याचं नाव मी लिहीत नाही, कारण वहिनींना तिथंच राहायचं आहे आणि सुदर्शनला तिथंच दुकान चालवायचं आहे. मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि इथंच राहून गेलो. घरात वाचलेला माणूस म्हणून माझं नाव आहे. त्या वाचण्याचा घरात कोणाला काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

पत्रातलं "तिथं" म्हणजे आमच्या शेताच्या उत्तरेची पट्टी. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देतात, विभूती लावतात आणि मग आलेला प्रत्येक जण मूठमूठ माती टाकतो. म्हणून त्या पट्टीला आमच्या घरात कोणी शेत म्हणत नाही. बसलेल्यांची जागा म्हणतात. पणजोबांपासूनची माणसं तिथं बसली आहेत. आजोबा, आजी, आई, आप्पा, गोवरानं गेलेली माझी धाकटी बहीण महादेवी, आणि आता अण्णा. वर दगडी ओटे आहेत. अण्णाचा तेवढा सिमेंटचा.

या जागेचा सारा भरायचा नसतो, असं आमच्या घरात धरून चालले होते. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, ते खरंच होतं, पट्टीला माफी होती. मोगलाई गेली, पुढे माफ्याही गेल्या. तलाठी घरी येऊन सांगून गेला की आता हिचाही सारा पडणार. आजोबा त्याला म्हणाले, "बसलेल्या माणसाकडून सारा मागतोस व्हय रे?" तलाठी हसला आणि ताक पिऊन गेला. आजोबांना वाटलं, त्याला पटलं.

पुढे आप्पा बाकीच्या शेताचा सारा गावात सगळ्यांच्या आधी भरत. पट्टीचा त्यांनी कधीच भरला नाही. ऐपत नव्हती असं नाही, विसरले असंही नाही. तो भरणं म्हणजे आपल्या बापाला आपल्याच रानात भाडेकरू ठरवणं, असं त्यांना वाटे. कायद्यानं ती चूक होती. अशी चूक करणाऱ्या घरात जन्मल्याची मला मात्र कधी लाज वाटली नाही.

थकबाकी होती तेव्हाच्या दोन कप चहाइतकी. तेवढ्यापायी पट्टी जप्त झाली आणि चावडीसमोर तिचा लिलाव पुकारला गेला. उदगीरहून एक व्यापारी आला होता. तो आधी जागा बघायला गेला, ओटे बघितले, चपला काढून हात जोडले आणि पुढच्या गाडीनं परत गेला. गावातून कोणीही बोली लावली नाही. मराठ्यांच्या घरातून नाही, मुसलमानांच्या घरातून नाही, ज्यांचं आमच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांनीही नाही. मग सरकारनं नाममात्र बोली लावून ती स्वतःच घेतली. सातबाऱ्यावर शेरा पडला, आकारी पड. सारा न भरल्यामुळे सरकारनं घेतलेली जमीन, एवढाच त्याचा अर्थ.

शेरा कागदावर राहिला. आम्ही आमची माणसं तिथंच बसवत राहिलो आणि कोणी आडवं आलं नाही. अण्णाच्या वेळीसुद्धा नाही. मग शेजारचा रस्ता रुंद झाला, पलीकडच्या रानात प्लॉटचे दगड लागले आणि एके दिवशी आमच्या बांधावर पाटी उभी राहिली: शासकीय जमीन, अतिक्रमण करू नये. इतकी वर्षं ज्या जागेकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, ती रस्त्याला लागल्याबरोबर शासनाला आठवली.

अशा जमिनी परत घ्यायला पूर्वी ठराविक वर्षांची मुदत होती. ती गेली की जमीन गेली. सरकार तिचा केव्हाही लिलाव करू शके. आता कायदा बदलला. मुदत कधीची संपलेली असली तरी, सार्वजनिक कामासाठी लागत नसेल तर, आजच्या किमतीचा थोडा हिस्सा भरून मूळ खातेदाराच्या वारसांना जमीन परत मिळू शकते. ही बातमी मी कमलम्माला मोठ्यानं वाचून दाखवली होती. कमलम्मा माझी बायको. देगलूरची आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यात मधूनच कानडी येतं.

"सरकार परत देतंय?" ती म्हणाली. "एनु? पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचली. खरंच चांगला बदल होता. मी मनातल्या मनात सरकारचे आभारही मानले. त्यानंतर आठवडाभरात सुदर्शनचे कागद आले.

अर्जाचा नमुना तहसील कार्यालयानं छापून दिलेला होता. मधोमध हे वाक्य होतं: "सदर जमिनीवर समाधी, थडगे अथवा धार्मिक स्वरूपाचे कोणतेही बांधकाम नसून ती पूर्णतः रिकामी आहे व अर्जदार ती स्वतः कसणार आहेत." खाली वारसांच्या सह्यांच्या जागा. शरणम्मा, सुदर्शन, रामलिंग. रामलिंग म्हणजे मी. तिघांच्याही सह्या लागणार होत्या. एक नसली तर अर्ज नाही.

मी राजपत्रातला दुरुस्तीचा मजकूर मिळवला. छोट्या अक्षरांसाठी भिंग घेतलं. वारस होते, किंमत होती, परत मिळालेली जमीन काही वर्षं विकता येणार नाही हेही होतं. समाधीचं नाव कुठं नव्हतं. रिकामी हा शब्द नव्हता. पण माझा माझ्या वाचण्यावर भरवसा नाही. एखादं परिपत्रक असेल, एखादी तळटीप असेल, कार्यालयातले लोक काय वेड्यासारखं लिहितील का, असं म्हणत मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचो.

"झालं का वाचून?" कमलम्मा विचारायची.

"होत आलं."

"दोन अक्षरं तर विचारलीत बाईनं. हो नाहीतर नाही. त्याला भिंग कशाला?"

दसऱ्याच्या आधी सुदर्शनचा फोन आला. दिवाळीनंतर अर्जांची यादी वर जाणार होती. यादीत नसलेल्या जागा लिलावाला लागतील, असं त्याला कार्यालयात सांगितलं होतं. "काका, तुमी उत्तर न्हाई दिलं तर तेच उत्तर धरतेत ते," तो म्हणाला. मी हूं म्हणालो. दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो.

अहमदपूरच्या स्टँडवर मी चुकून शिरूर अनंतपाळच्या गाडीत चढलो होतो. कंडक्टरनं उतरवून दिलं. तालुक्याच्या गावी पोचलो तेव्हा सुदर्शन दुकान बंद करून मोटारसायकल घेऊन उभा होता.

"काका, तिथं तुमी बोलू नका. मी बोलतो. तुमी वडीलधारे म्हणून बसा फक्त."

"मी तसाही काय बोलतो?"

"तेच म्हणलो."

कार्यालयातला कारकून आम्हाला बघून उठून उभा राहिला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, शेजारच्याच गावचा माणूस. त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. आयुष्यभर मी वाईट माणसांना पुस्तकातच भेटत आलो. समोर बसून चहा पाजणाऱ्या माणसावर रागवायचं कसं हे मला ठाऊक नाही.

मी राजपत्राची प्रत पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"ती एक ओळ आहे ना," मी म्हणालो, "समाधी नाही वगैरे. ती मला यात दिसली नाही. कदाचित माझ्या वाचनात आली नसेल."

सुदर्शननं माझ्याकडे बघितलं. कारकून हसला.

"तुमच्या वाचनात कशी न्हाई येणार, सर. ती कायद्यात न्हाईच."

"मग?"

"त्याचं काय झालं, नमुना दुसरीकडून आला. तिकडं एकानं परत मिळालेल्या जागेवर देऊळ बांधायला काढलं आणि गावात भांडणं लागली. म्हणून तिथल्या साहेबांनी ओळ घातली. आमाला नमुना पायजे होता, आमी उचलला. ओळ संगं आली."

"मग काढता येईल?"

"येईल की. पण काढली की फाईल वर जाणार. वरचे विचारणार, का काढली? मग पाहणीला माणूस येणार, त्याला थडगी दिसणार. मग म्हणणार, ही शेती कुठं हाय? शेती न्हाई तर परत कशाला द्यायची? लावा लिलावाला." त्यानं सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. "त्यापेक्षा सुदर्शनशेटला मी सांगितलंय. ओटे काढून घ्या. जेसीबीला तास लागत न्हाई. वरचे दगड तेवढे काढायचे, आत ते बसलेलेच राहतेत की. त्यांना कोण हलवून राहिलंय? मी सपाट जागेचा पंचनामा करतो. जमीन घरची झाली की बांधा पुन्हा. तुमच्यासाठी सांगून राहिलो, सर."

"भाऊसाहेब बरोबर सांगतेत, काका," सुदर्शन म्हणाला.

"अण्णा म्हणजे काय माणूस होता," कारकून म्हणाला. "मी मातीला आलतो ना. लई माणूस जमलं होतं. उभं राहायला जागा नव्हती. मी पण मूठभर टाकली."

चहा आला. कप माझ्या हातात होता आणि मी कारकुनाकडे बघत होतो. या माणसानं माझ्या भावावर स्वतःच्या हातानं माती टाकली होती. अण्णा कुठल्या ओट्याखाली बसला आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे, हे त्याला माहीत होतं. आणि तोच माणूस, प्रेमानं, खुर्ची पुसून, मला सांगत होता की तिथं कोणी नाही असं लिहून द्या. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी टेबलापलीकडच्या बाकीच्यांकडे बघितलं. दोघे-तिघे ऐकत होते, माना डोलवत होते. तेही आले असतील मातीला. सरकारला ठाऊक नाही म्हणून सरकार विचारतंय, असं नव्हतंच. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच आमच्याकडून खोटं लिहून हवं होतं. ते खोटं आमच्या सहीचं झालं की कोणाच्या अंगाला काही लागत नव्हतं.

मला हे सगळं बोलायचं होतं. वाक्यं तयार होती. मी म्हणालो, "साखर जरा जास्त आहे."

गावाकडे जाताना मोटारसायकलवर सुदर्शन मान वळवून ओरडून सांगत होता. "जेसीबीवाल्याला मी बोलून ठेवलंय. तुमची सही आली की बस. आईची बी होईल मग. ती तुमच्याकडं बघून राहिली."

वहिनी ओसरीवर वाती वळत होत्या. मला बघून पदर डोक्यावर घेतला.

"आलाव का. लई वाळलाव. कमलम्मा खायला देत न्हाई का वाचू देते नुसतं?"

"वाचूही देत नाही," मी म्हणालो.

"मग उत्तर लिवायला वेळ कशापायी न्हाई मिळाला?"

मी खाली बघितलं. त्यांनी हसून विषय सोडला, भाकरी वाढली. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "चला, बघून येऊ." सुदर्शन येतो म्हणाला, तर त्याला म्हणाल्या, "तू ऱ्हा. तुला ते नुसते दगड दिसतेत."

शेतापर्यंत त्या पुढे आणि मी मागे, असेच गेलो. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं. पाटीच्या खांबाला कोणाचं तरी वासरू बांधलेलं होतं. वहिनींनी एकेका ओट्यावरचा पालापाचोळा हातानं झाडला. महादेवीच्या छोट्या ओट्यापाशी थोडं थांबल्या. त्यांनी तिला कधी बघितलेलंही नाही. शेवटी अण्णाच्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि बाजूच्या कडुलिंबाखालच्या मोकळ्या जमिनीवर तळहात ठेवला.

"ही माझी. त्यांनीच दाखवून ठेवली. म्हणले, सावलीची तुला ठेवतो."

मी ओट्यावर राहिलेलं एक पान उचललं.

"पोरगं चुकीचं न्हाई, भावजी. जमीन गेली तर ही जागा बी गेली. त्याला वाटतंय, आधी जमीन हातात येऊ द्यावी. त्याच्या जागी त्याचं खरं हाय. पण मी सही केली की इथं कोणी न्हाई, आणि वरून दगड बी न्हाईत, तर मग मी गेल्यावर मला कुणापाशी बसवता? माझ्या सहीनंच मी त्यांना इथून उठवलेलं असणार की."

लिंबावर होले घुमत होते.

"आन परत बांधतो म्हणतंय. परत कसं बांधतेत? एकदा सपाट झालं की कोण कुठं बसलंय आन तोंड कुणीकडं, कुणाला कळणार? माझ्याच डोक्यावर ओटा येईल नातवाचा." त्या हसल्या, आणि हसतानाच डोळे पुसले. "तुमी न्हाई म्हणलाव तर मी न्हाई म्हणते. एकटीला न्हाई म्हणायचा जोर न्हाई मला. बाई न्हाई म्हणली की म्हातारी हट्टाला पेटली म्हणतेत. वाचलेल्या माणसानं न्हाई म्हणलं की इचार करतेत."

तिथंच म्हणायला हवं होतं. अण्णा समोर होता, आप्पा होते. सगळे बसून ऐकत होते म्हटलं तरी चालेल. मी म्हणालो, "घरी जाऊन लिहितो."

"लिवा," वहिनी म्हणाल्या. "पण आवंदा लिवा."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला आलेला सुदर्शन गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता. "काका, एक म्हणू? राग न्हाई ना?"

"म्हण."

"तुमच्यासारखी वाचलेली माणसं हो म्हणत न्हाईत, न्हाई पण म्हणत न्हाईत. तोवर जागा जाते. आप्पाआजोबांनी तेच केलं. सारा भरला न्हाई, आन मी भरणार न्हाई असं कुणाला लिहून पण दिलं न्हाई. गप बसले. आता मी निस्तरून राहिलो."

गाडी हलली. अहमदपूर येईपर्यंत मी त्याच्या बोलण्यात काय चूक आहे ते शोधत होतो. अहमदपूरला शोधणं सोडलं. लोहा मागे पडेपर्यंत मला राग आला होता. मला राग क्वचित येतो आणि आला तरी तो माझाच आहे की कुठं वाचलेला, अशी शंका येते. हा माझा होता.

कशाचा राग आला ते लिहून ठेवतो. सारा मागताना सरकारला त्या पट्टीत कोण बसलं आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. जप्त करताना नव्हतं. लिलाव पुकारताना ओटे कोणाच्या आड आले नाहीत. पाटी रोवायला खड्डा खणला तो आजीच्या ओट्यापासून हातभर अंतरावर, तेव्हाही नाही. घ्यायची होती तोवर जमीन जशी होती तशी चालली. परत द्यायची वेळ आली तेव्हा मात्र ती रिकामी हवी झाली. आणि हे कायदा म्हणत नव्हता. कायदा करणाऱ्यांनी, कधी नव्हे ते, आमच्यासारख्यांचा विचार करून एक दार उघडलं होतं. त्या दारात कोणी तरी, कुठल्या तरी भांडणापायी, एक दगड ठेवला. दुसऱ्यानं तो उचलून आपल्या दारात आणून ठेवला, कारण तयार मिळाला. आता शंभर माणसं त्याला ठेचकाळणार आणि प्रत्येकाला वाटणार की हा कायदाच आहे. मलाही तसंच वाटत होतं. महिनोन्‌महिने भिंग घेऊन मी कायद्यात ती ओळ शोधत होतो. ती तिथं नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचं धैर्य नव्हतं, एवढंच.

घरी आलो, हातपाय धुतले आणि टेबलाशी बसलो. कमलम्मानं शब्दकोश उचलून कपाटात ठेवून दिला. "आता हा नको मधे," ती म्हणाली.

अर्जावरच्या त्या वाक्यावर मी फूटपट्टीनं सरळ रेघ मारली. जरा थांबलो, कारण छापलेल्या मजकुरावर मी जन्मात कधी रेघ मारलेली नाही. ग्रंथालयात असं करणाऱ्या पोरांना मी दंड केला आहे. मग वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: "सदर जमिनीत आमच्या घरातील माणसे बसलेली आहेत. त्यांचे ओटे आहेत. जमीन त्यांच्यासह परत मिळावी." खाली सगळ्यांची नावं लिहिली, पणजोबांपासून अण्णापर्यंत. महादेवीचंही. शेवटी माझी सही केली.

कार्यालयाला वेगळं पत्र लिहिलं. जमीन रिकामी असण्याची अट कायद्याच्या कोणत्या कलमात आहे ते लेखी कळवावं. नसेल तर नमुन्यातून काढावी, आमच्यासाठीच नाही, सगळ्यांसाठी. कारकुनाचं नाव लिहावं का, यावर बराच वेळ गेला. त्यानं मला चहा पाजला होता आणि त्याला नोकरी करायची होती. शेवटी नाव न घालता लिहिलं: "जागेवर कोण आहे याची खात्री कै. सिद्धलिंग यांच्या मातीला आलेल्या कोणाकडूनही करता येईल. त्यातील काही जण आपल्याच कार्यालयात आहेत." हे वाचून कमलम्मा म्हणाली, "बरं टोचलंय." मला वाटलं, फारच टोचलं का? खोडायला पेन उचललं. तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

मग वहिनींचं उत्तर. इतके महिने मनात त्याचे किती मसुदे झाले होते, त्यात कायद्याचा इतिहास होता, माफीची हकिकत होती. कागदावर एवढंच आलं:

"वहिनी, सही करू नका. मी त्या ओळीवर रेघ मारून सही केली आहे, तो अर्ज सोबत ठेवला आहे. तशीच तुम्हाला करायची असेल तर करा. ओट्यांना कोणाला हात लावू देऊ नका. सुदर्शनला सांगा, काका नाही म्हणाले, आणि लिहून नाही म्हणाले. लिलाव झाला तर पुकारतील त्या दिवशी मी तिथं येऊन उभा राहीन आणि कोण बसलं आहे ते मोठ्यानं सांगेन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, पण सांगेन. मागच्या वेळी कोणी बोली लावली नव्हती. उशीर झाला. तुमचा, रामलिंग."

हे लिहिताना माझी भीती गेली होती असं कोणी समजू नये. सुदर्शन म्हणतो तसं होऊ शकतं. फाईल वर जाईल, पाहणी होईल, आणि माझ्या एका रेघेनं ती जागा जाईल. माझी स्वतःची सोय इथं नांदेडला, आमच्या लोकांच्या रुद्रभूमीत होणार आहे; लिंबाखालची सावली जाणार ती वहिनींची. हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी विचारलं होतं, सही करायची का नाही. जागा राहील का, हे विचारलं नव्हतं.

पोस्टात गर्दी नव्हती. कार्यालयाचं पाकीट आधी दिलं, मग वहिनींचं. खिडकीतली मुलगी माझ्या पाकिटांकडे बघत होती.

"रजिस्टर करायचंय दोन्ही," मी म्हणालो.

"आजोबा, रजिस्टर बंद झालं. आता स्पीड पोस्टच."

"कधीपासून?"

"झाले महिने. नियम बदलला."

"मग हे पोचेल कधी?"

"उद्या, परवा."

इतक्या लवकर पोचेल असं मी धरलं नव्हतं. रजिस्टर असतं तर चार-पाच दिवस मध्ये गेले असते. "एक मिनिट," मी म्हणालो, आणि वहिनींच्या पाकिटासाठी हात पुढे केला. पत्ता नीट आहे का ते बघायचं होतं. म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं.

"चुकलाय का पत्ता?" तिनं पाकीट माझ्यासमोर धरून विचारलं.

पत्ता बरोबर होता. अक्षरही बरं आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "जाऊ द्या."

तिनं ते वजनाच्या काट्यावर ठेवलं, चिठ्ठी चिकटवली आणि मागच्या पोत्यात टाकलं.